बोटभर माया

कावळ्यांनी मागचं अंगण डोक्यावर घेतलं तेव्हा मास्तर एका ओव्हरकोटाची बाही टाचत बसले होते.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत आणि त्या ओघात त्यांची बायको मास्तरीणबाई झाली होती. घराची पुढची खोली हे दुकान, मधल्या दोन खोल्यांत संसार आणि मागे भिंतीनं बंदिस्त केलेलं अंगण. अंगणात पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायची तार आणि कुणी लावलं ते कुणालाच आठवत नाही असं एक झाड.

“अहो, या इकडे! टाकीमागं काहीतरी आहे,” आतून हाक आली.

“मांजर असेल.”

“मांजर कावळ्यांना भितं का कावळे मांजराला, ते इथं येऊन ठरवा. पण या.”

मास्तर उठले ते हातातल्या ओव्हरकोटासकट. टाकी आणि भिंत यांच्या सांदीत घारीचं पिल्लू बसलं होतं. पिल्लू म्हणायचं ते वयानं. आकारानं चांगलं कोंबडीएवढं होतं. अंगावर फिकट ठिपके, चोच उघडी, आणि डोळ्यांत अशी जरब की चूक आपलीच असावी असं समोरच्याला वाटावं. उजवा पंख जागेवर होता. डावा, छत्रीची काडी मोडावी तसा, बाजूला लोंबत होता. तारेवर आणि भिंतीवर कावळे ओळीनं बसून आपापलं मत देत होते.

मास्तरांनी आगापिछा न बघता ओव्हरकोट पिल्लावर टाकला आणि गाठोडं उचलून छातीशी धरलं.

“अहो, गिऱ्हाइकाचा आहे तो!”

“मग आत आता गिऱ्हाईकच आहे,” मास्तर म्हणाले.

तेव्हापासून त्या पिल्लाचं नाव गिऱ्हाईक पडलं ते पडलंच.

जनावरांचा दवाखाना दोन चौक सोडून होता. बाकावर एक लठ्ठ कुत्रा आपल्या मालकासह बसला होता; दोघांनी एकाच वेळी गाठोड्याकडे मान वळवली. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि बोलायला हिशेबी. त्यांनी जाड हातमोजे चढवले, पंख पेरापेरानं चाचपला, एक्स-रे काढला आणि तो दिव्यासमोर धरला.

“कोपरापुढचं हाड तुटलंय. बाकी पिल्लू खणखणीत आहे.”

“जुळेल?”

“जुळेल. वाढीचं वय आहे, लवकर जुळेल. पण जुळणं वेगळं आणि सरळ जुळणं वेगळं, काका.” पंख मिटून तो चिकटपट्टीनं अंगाशी बांधत त्या म्हणाल्या, “सरळ जुळलं तर ही उडेल. वाकडं जुळलं तर नाही उडायची. आणि उडता न येणारी घार म्हणजे काय? शिकार नाही, पळणं नाही. तुमच्या अंगणातले कावळेच तिला संपवतील. तेव्हा पंख हलता कामा नये. जराही नाही. दोन आठवड्यांनी दाखवायला आणा. मधे पट्टी सुटली तर त्याच दिवशी आणा. घरी काही करू नका.”

मास्तरांनी मान डोलावली. ज्यांना शिवण येत नाही त्यांच्यापुढे ते नेहमी अशीच मान डोलावत.

बांधणी त्यांना मुळीच पसंत पडली नव्हती. पट्टी तिरकी गेली होती, कडा दुमडलेल्या नव्हत्या, आणि चिकटपट्टीत पिसं अडकत होती. तरी परत येताना गल्लीच्या तोंडाशी भेटेल त्याला ते सांगत सुटले, “उडणार म्हणजे उडणार. जबाबदारी माझी.” आता गल्लीला वेगळं सांगायची गरज उरली नाही.

गिऱ्हाइकाची सोय न्हाणीघराशेजारी एका लाकडी खोक्यात झाली. मास्तरीणबाईंनी पहिल्या दिवशी जाहीर केलं की या प्रकाराशी आपला काडीचा संबंध नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः खाटकाकडे जाऊन आल्या. कारण म्हणे मास्तरांना तो नुसती कातडी गळ्यात मारतो. पण मांसाचे बारीक तुकडे करायला त्यांनी दुकानातली मोठी कात्री उचलली आणि घरात भडका उडाला.

“अगं, कापडाची कात्री आहे ती! हिनं मी आयुष्यात कागद कापला नाही, आणि तू कोंबडी कापतेस?”

“धुऊन ठेवते की.”

“धुऊन? धार गेली तर कापड काय दातांनी कापू?”

“दात तरी कुठे राहिलेत तुमचे,” असं म्हणून मास्तरीणबाईंनी एक तुकडा चिमट्यात धरला आणि गिऱ्हाइकापुढे नेला. गिऱ्हाइकानं आधी त्यांच्याकडे, मग तुकड्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि चिमट्यासकट तुकडा ओढला. “बघा, बघा कसं खातंय! आणि म्हणे आजारी. तुम्हाला सर्दी झाली तर चार दिवस गादी सोडत नाही तुम्ही.”

चिकटपट्टी जेमतेम तीन-चार दिवस टिकली. एका सकाळी बघतात तर तिचा चोळामोळा होऊन खोक्याच्या कोपऱ्यात पडलेला, त्याला डझनभर पिसं चिकटलेली आणि पंख पुन्हा लोंबता. गिऱ्हाइकाच्या चोचीत पट्टीचं एक टोक अजून होतं.

“चला बाबा, मी जाता जाता सोडते तुम्हाला दवाखान्यात,” बटण म्हणाली.

बटण ही त्यांची लेक. लहानपणी तिनं एका साहेबाच्या कोटाचं बटण गिळलं होतं. ते यथावकाश परत मिळालं आणि कोटाला लागलंही; नाव मात्र लेकीला चिकटून राहिलं. आता ती तिशीला टेकली होती, पाणीखात्यात मीटर वाचायला होती आणि रोज दहा घरांच्या मागच्या दारांनी शिरून तिच्या जिभेला भीडभाड उरली नव्हती.

“पुन्हा तेच लावणार ती,” मास्तर म्हणाले. “बघ ना, पिसं कशी उपटली गेलीत. शेवटी पट्टी बांधणं म्हणजे काय? शिवणकामच ना?”

“मग हाड जोडणं म्हणजे सुतारकाम का?”

“तू कामाला जा.”

“त्याच दिवशी आणा म्हणाल्यात त्या. घरी काही करू नका असंही म्हणाल्यात.”

“घरी करू नका म्हणाली. मी दुकानात करणार आहे,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी गळ्यातला टेप काढला.

गिऱ्हाइकाचं माप घेणं सोपं गेलं नाही. मास्तरीणबाईंनी त्याच्या डोक्यावर रुमाल टाकून पाय धरले, आणि मास्तरांनी छाती, पाठ, मिटल्या पंखाची लांबी आणि मानेचा घेर घेतला. त्या झटापटीत त्यांच्या मनगटावर दोन ओरखडेही उमटले. मग मऊ, धुऊन धुऊन अंगाला सरावलेलं फ्लॅनेल निवडून त्यांनी एक अंगरखा बेतला: डावा पंख आत, उजवा बाहेर, पायांना मोकळीक, पाठीवर नाड्या. आतल्या शिवणी बाहेर काढल्या, म्हणजे कातडीला टोचायला नकोत. पिसांच्या दिशेनं कापडाची लव ठेवली. मशीनला हात न लावता सगळं हातानं शिवलं. खरंच, साहेबाच्या कोटावरही त्यांनी एवढी मेहनत घेतली नसती.

आणि त्यात बोटभर माया सोडली.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात त्याला शिवणारे लोक माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची, माया बाहेर सोडायची, कपडा पुन्हा मापाचा होतो. इतर कारागीर पेरभर माया सोडत. मास्तरांचा हात सढळ. वाढत्या अंगाचा कपडा असेल तर ते शिवणीत सोडतच, वर अंगातही सोडत, म्हणजे माप मुळातच सैल धरत. त्याला कुणी ढगळ म्हटलेलं त्यांना खपत नसे. “ढगळ नाही, अंगात माया आहे,” ते म्हणत. त्यांनी शिवलेला गणवेश थोरल्याला होई आणि धाकट्यालाही होई, म्हणून शाळा उघडायच्या दिवसांत लांबलांबून आया त्यांच्याकडे येत. काटेकोर मापाचा कपडा शिवणारा माणूस मनानं कद्रू असतो, असं मास्तरांचं ठाम मत होतं.

गिऱ्हाईक तर डोळ्यांदेखत वाढत होतं. मग त्याला आवळून कसं टाकायचं?

अंगरखा बघायला गल्ली लोटली. समोरचा न्हावी दारातूनच म्हणाला, “मास्तर, आमच्या धाकट्यालाही असाच एक शिवा हो. हातपाय आत आणि पाठीवर गाठ.” पलीकडच्या वहिनींनी नाड्यांचं कौतुक केलं. गिऱ्हाईक खोक्यात ऐटीत उभं राहून सगळ्यांवर नजर फिरवत होतं, जणू बिल कितीही झालं तरी देणार नाही.

मधे एकदा मास्तरीणबाई म्हणाल्या, “अहो, आत जरा हलतंय का हो ते?”

“श्वास घेतंय. जीव आहे तो, पोत्यात कोंबलेला कांदा नाही.”

दोन आठवडे भरले त्या दिवशी मास्तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात गेले. शिवाय गल्लीत दोघातिघांना बजावून गेले होते की संध्याकाळी मागच्या अंगणाकडे लक्ष ठेवा.

डॉक्टरबाईंनी नाड्या सोडल्या. अंगरखा उलटसुलट करून पाहिला.

“हे कुणी शिवलं?”

“मीच.”

“फार सुंदर शिवलंय.”

मास्तर खुलले. डॉक्टरबाईंनी पंख हळूच उघडला, एका जागी अंगठा ठेवला, पुन्हा तिथंच ठेवला. मग एक्स-रे काढायला आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावले आणि बोलायचं काम त्यांच्यावर सोडलं. पहिल्यात हाड तुटलेलं होतं. दुसऱ्यात ते जुळलं होतं, पण खांदा पाडून उभ्या राहिलेल्या माणसासारखं.

“आत पंख हलत होता, काका.”

“थोडी माया सोडली होती,” मास्तर म्हणाले. “बोटभर.”

“माया असू द्या हो. माया सगळेच करतात, म्हणून तर इथवर आणतात. मी बांधणीबद्दल विचारतेय.”

“मीही बांधणीबद्दलच सांगतोय.”

डॉक्टरबाईंना कळलं नाही. मास्तरांनी अंगरखा उचलला, कडेची शिवण दोन बोटांत धरून उलटी केली आणि आतली जास्तीची पट्टी दाखवली. मग अंगरख्यात बोट घालून फिरवून दाखवलं. ते सहज फिरलं. “याला माया म्हणतात. वाढत्या अंगाचं आहे, म्हणून सोडली,” ते म्हणाले. आपला आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या “हां” म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

“दोन रस्ते आहेत. असंच ठेवलं तर जगेल. तुमच्या अंगणात, तुम्ही खायला घालाल तोवर. खुर्चीच्या उंचीएवढी उडी मारेल, त्यापुढे नाही.”

“आणि दुसरा?”

“हाड अजून कच्चं आहे. आज, फार तर उद्या, पुन्हा मोडून सरळ बसवता येईल. त्यानंतर नाही. भूल द्यावी लागेल, आणि ती पक्ष्यांना सोसेलच असं नाही. जगायची-मरायची शक्यता निम्मी-निम्मी धरा. घरी विचारा. करायचं असेल तर उद्या सकाळी उपाशीपोटी आणा.”

अंगणाकडे डोळे लावून बसलेल्या लोकांना चुकवायला मास्तर मागच्या बोळातून घरी आले.

ऐकून मास्तरीणबाई आधी खोक्याकडे गेल्या. गिऱ्हाइकानं त्यांना पाहून शीळ घातली. एव्हाना ते फक्त त्यांनाच शीळ घालत असे.

“राहू दे की हो,” त्या परत येऊन म्हणाल्या. “उडायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? मी कुठे उडते? खायला आहे, प्यायला आहे. कावळ्यांना मी बघून घेईन. चांगलं जुळलेलं हाड पुन्हा मोडायचं म्हणजे काय! मेलं म्हणजे?”

मास्तर दुकानात जाऊन मशीनपुढे बसले, पण पायडल हललं नाही. शिवण चुकली की तिच्यावरून इस्त्री फिरवून ती बरोबर होत नाही, मुकाट्यानं उसवावी, हे त्यांनी हाताखालच्या किती कारागिरांना सुनावलं होतं. पण कापडाला उसवताना दुखत नाही. आणि उसवलेलं कापड मरत तर नाहीच नाही.

शिवाय मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती आणि ती स्वतःशी कबूल करणं त्यांना जड जात होतं. गिऱ्हाईक राहिलं तर त्यांनाही हवंच होतं. सकाळी उठून अंगणात गेलं की ते तिथं असेल, त्याला थंडीसाठी काहीतरी शिवता येईल. चूक तर होऊन गेलीच. तिला नीट सांभाळलं की ती चूक कशाला दिसेल?

बटण कामावरून आली तेव्हा आईनं तिला सगळं सांगून झालं होतं. ती दुकानात येऊन कापडाच्या ठाणावर बसली. समोर पडलेला टेप ती बोटाभोवती गुंडाळू लागली.

“बोल ना,” मास्तर म्हणाले. “डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच दिवशी आणा. ‘मी म्हटलं होतं’ असं म्हण. बोल.”

“ते राहू द्या. माझे शाळेतले फ्रॉक आठवतात तुम्हाला?”

“न आठवायला काय झालं? एकेक तीन-तीन वर्षं गेला.”

“हो ना. पहिल्या वर्षी तो घोट्यापर्यंत असायचा. तिसऱ्या वर्षी मापाचा व्हायचा आणि तोवर विरून जायचा. मापाचा आणि नवा, असा फ्रॉक मला कधी मिळालाच नाही.” ती हसली. “तेवढ्यासाठी मी काही रडत नव्हते. पण शर्यतीत काय व्हायचं माहितीये? घेर पायात यायचा. मग मी तो एका हातानं धरून पळायची. दर वर्षी.”

मास्तरांनी चष्मा काढला. “कधी सांगितलं नाहीस.”

“काय सांगायचं? तुम्ही तिकडे शेवटच्या रेषेपाशी उभे असायचा आणि जिवाच्या आकांतानं ओरडायचा, ‘अगं, दोन्ही हात हलव! दोन्ही हात हलव गं!’”

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मास्तरीणबाई ऐकत असाव्यात.

“कितवी यायचीस तू?” मास्तरांनी विचारलं.

“तुम्हीच तर होता तिथं.”

“मी तुझ्याकडे बघायचो. नंबराकडे नाही.”

“तेच ना, बाबा,” बटण म्हणाली आणि उठून हातपाय धुवायला गेली.

सकाळी गिऱ्हाइकानं नेहमीप्रमाणे शीळ घातली. उत्तर आलं नाही. पुन्हा घातली, मग ओरडा सुरू केला. मांस कापून ताटलीत तयार होतं, पण मास्तरीणबाईंनी ताटली झाकून ठेवली, अंगणाचं दार लावून घेतलं आणि पदर खोचून पायात चपला घातल्या. “चला,” त्या म्हणाल्या. “उपाशी ठेवलंय त्याला. उशीर केलात तर मी काही ऐकून घेणार नाही.”

दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसली. लठ्ठ कुत्रा आजही होता. त्याच्या मालकानं “काय झालं?” म्हणून विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, “माझ्याकडून चुकलं होतं, ते उसवायला आलोय.” मालकाला काही कळलं नाही, तरी त्यानं कुत्र्याला थोडं पलीकडे सरकवून जागा करून दिली.

आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. मास्तरीणबाई दाराच्या फटीतून दिसणाऱ्या फरशीच्या तुकड्याकडे बघत होत्या. मधेच म्हणाल्या, “ओव्हरकोटवाला परत येऊन गेला.” मास्तर म्हणाले, “येऊ दे.”

डॉक्टरबाईंनी आत बोलावलं तेव्हा गिऱ्हाईक टेबलावर कापडात गुंडाळलेलं होतं आणि त्याचं डोकं एका बाजूला पडलेलं. मास्तरीणबाईंनी मास्तरांचं मनगट धरलं. मग ते डोकं उचललं गेलं, पडलं, पुन्हा उचललं गेलं. एक डोळा उघडला. त्यात आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू ती जुनी जरब आली, आणि गिऱ्हाइकानं तिघांकडे असं पाहिलं की तिघांनीही नकळत नजर खाली केली.

“सोसली,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यांनी बांधणी केली तेव्हा मास्तर दोन्ही हात पाठीमागे धरून उभे होते. पट्टी आजही तिरकी गेली. कडा आजही तशाच राहिल्या. मास्तरांनी वाकून पाहिलं आणि करंगळी पट्टीच्या कडेला लावून पाहिली.

“बोट जात नाही हो आत.”

“जायचंच नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

पुढच्या दिवसांत मास्तरांनी डॉक्टरबाईंना नकोसं करून सोडलं. पट्टी सुटली की ते जात. सुटेलशी वाटली की जात. एकदा तर सुटल्याचं स्वप्न पडलं म्हणून गेले. “काका, आता स्वप्नात सुटली तर स्वप्नातच या,” असं शेवटी डॉक्टरबाईंना सांगावं लागलं. गिऱ्हाइकाची छाती भरत होती, पिसं लांबत होती, आणि दर खेपेला बाई जुनी पट्टी काढून नव्या मापानं नवी बांधत. वाढत्या अंगाला असंही करता येतं, हे मास्तर बघत होते. कष्टाचं काम होतं. पुन्हा पुन्हा माप घ्यावं लागत होतं.

हाड सरळ जुळलं. पट्टी कायमची निघाली. पण इतके दिवस बांधलेल्या पंखात जोर नव्हता आणि अंगणात उडायला जागा नव्हती. तो प्रश्न बटणनं सोडवला. तिच्या मीटरच्या फेरीत एक रिकामं गोदाम होतं, आणि तिथल्या राखणदारानं फक्त एक अट घातली: त्यालाही बघू द्यायचं. गिऱ्हाईक पहिल्या दिवशी एका खोक्यावरून खाली पडलं. मग पुढच्या खोक्यापर्यंत गेलं. मग वरच्या तुळईवर जाऊन बसलं आणि मास्तरीणबाईंनी घसा दुखेपर्यंत शीळ घातली तरी खाली येईना. मास्तरीणबाईंनी आजवर कुणासमोर शीळ घातली नव्हती.

डॉक्टरबाईंनी एकदा तिथं येऊन त्याला उडताना पाठीमागून पाहिलं. “डावा खांदा किंचित उतरतो. चालेल. सोडल्यावर थोडे दिवस भिंतीवर खाणं ठेवा, आणि एक करा. जवळ जाऊ नका. हाका मारू नका.”

मास्तरांना त्या दिवसापासून डाव्या खांद्याशिवाय दुसरं काही दिसेनासं झालं.

सोडायचं ठरलं त्या सकाळी त्यांनी गिऱ्हाइकाला अंगणाच्या भिंतीवर ठेवलं, शेजारी मांसाची ताटली ठेवली आणि सगळे दाराशी मागे सरले. गिऱ्हाईक उडालं नाही. त्यानं पिसं झाडली, एक पाय पोटाशी घेतला आणि बसून राहिलं. न्हावी शेजारच्या जिन्यावरून डोकावून गेला. बटणची कामाची वेळ झाली, ती वळून वळून बघत निघाली.

मग कावळे आले. एक तारेवर, दोन झाडावर, मग आणखी. एकानं येऊन गिऱ्हाइकाची शेपटी ओढली. मास्तर एक पाऊल पुढे झाले.

“अहो,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“मारतील ते त्याला.”

“मारू देत नाहीतर न मारू देत. उभे राहा.”

मास्तर उभे राहिले. दुसऱ्या कावळ्यानं चोच मारली तेव्हा गिऱ्हाइकानं मान वळवून फक्त बघितलं, आणि कावळा दोन हात मागे सरकला. तेवढ्यात दुकानातून हाक आली. लांबच्या कचेरीतला एक कारकून ट्राउझरच्या ट्रायलला आला होता आणि त्याला परत कामावर पोचायचं होतं.

“जा तुम्ही,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “मी आहे इथं.”

मास्तर गेले. कारकून स्टुलावर चढून उभा राहिला. मास्तरांनी टाचण्या ओठांत धरल्या, गुडघे टेकले आणि ट्राउझरचा डावा पाय दुमडला. पहिली टाचणी नीट लागली. दुसरी लावताना मागून आवाज आला.

“अहो!”

“म्म.”

“अहो, गेली! या लवकर, गेली बघा!”

ओठांत टाचण्या तशाच धरून मास्तर मधल्या दोन खोल्या ओलांडत धावले. भिंत रिकामी होती. ताटलीतलं मांस एक कावळा सावकाश खात होता. मास्तरीणबाई अंगणाच्या मधोमध मान मागे टाकून उभ्या होत्या आणि त्यांचा हात वर होता. घरांच्या छपरांवर, बऱ्याच उंच, सहा-सात घारी संथ गिरक्या घेत होत्या.

मास्तरांनी एकेक टाचणी तळहातावर काढली. “यातली कुठली?”

“ती. नाही, ती नव्हे, तिच्या मागची. थांबा हं. आत्ता तर होती.”

मास्तरांनी कपाळावर हात धरला. ट्रायलला उभ्या राहिलेल्या माणसाचा कोट पाठीमागून बघावा तशी त्यांनी वळणाऱ्या प्रत्येक घारीची पाठ पाहिली, डावा खांदा पाहिला. एक वळली. दुसरी वळली. तिसरी वळून आणखी वर गेली. ते बघत राहिले.

“ओळखली?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“नाही.”

“एवढा वेळ बघताय आणि नाही म्हणजे काय?”

“सगळ्यांचे खांदे सरळ आहेत,” मास्तर म्हणाले.

दुकानातून कारकुनाचा आवाज आला, “मास्तर, मी असाच उभा राहू का?”

“राहा,” मास्तरांनी ओरडून सांगितलं, आणि पुन्हा वर बघू लागले.